अक्षराचा दागिना कुणाच्या गळ्यात?

दोस्तांनो, आधी माझं स्वतःचं उघडं करतो, मग दुसऱ्यांचं काढतो.

१९८८ साली मी दहावीला होतो, धाकटा भाऊ चौथीला. सफाई कामगारांची वसाहत. दहा बाय बाराची खोली, सात माणसं, एक ट्यूबलाईट, भिंतीवर बाबासाहेब. त्याचा अभ्यास मी घ्यायचो. घ्यायचो म्हणजे मारायचो. लाकडी फूटपट्टी उभी धरायची आणि बोटांच्या सांध्यांवर हाणायची. गुन्हा काय, तर अक्षर. ओळीवर चढायचं नाहीतर ओळीखाली घसरायचं. मात्रा एकीकडे, अक्षर दुसरीकडे. 'ध'चा 'घ', 'भ'चा 'म'. फळ्यावरचं उतरवून घेताना मधला शब्दच गायब. पेन्सिल एवढी आवळायचा की नखं पांढरी पडायची, टोक मोडायचं, कागद फाटायचा. अर्धं पान झालं की हात झटकत म्हणायचा, दादा, हात भरून आला रे. मी म्हणायचो, नाटकं करतो, साल्या. आणि फोटोकडे बोट दाखवायचो. तो माणूस रात्र रात्र जागून शिकला, आणि तुला चार ओळी जड होतात?

फोटो दाखवून मारलंय मी त्याला. हे लक्षात ठेवा, पुढे याच्यावरच यायचंय.

हाच पोरगा त्या वर्षी चौदा एप्रिलला स्टेजवर चढला. हातात चिटोरं नाही. २० मार्चच्या चवदार तळ्यापासून २५ डिसेंबरच्या मनुस्मृतिदहनापर्यंत १९२७ सालचं सगळं महाड त्याने उभं केलं. म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून ऐकत बसल्या. चौथीचं इतिहासाचं पुस्तक, म्हणजे शिवाजी महाराज, अख्खं तोंडपाठ. आग्र्याहून सुटका तो गॅलरीत पोरं जमवून अशी सांगायचा की पेटारे डोळ्यांसमोरून जायचे. पेपरात त्याच प्रश्नाला तीन ओळी. त्यातली एक खोडलेली. दहापैकी दोन मार्क आणि लाल शाईत शेरा, 'अक्षर सुधारा.'

मास्तर भर वर्गात म्हणाले, "याला अक्षर कशाला लागतंय? बापाचा झाडू आहेच की." वर्ग हसला. आमच्याच वसाहतीतली पोरं पण हसली. मास्तराचं नाव लिहीत नाही. एकट्या त्या मास्तराचा प्रश्न असता तर मी एवढी शाई खर्च केली नसती.

मास्तराचं भाकीत खरं ठरलं. भाऊ आठवीत दोनदा गचकला आणि सुटला. १९९७ला बाप गेला. लाड-पागे समितीच्या शिफारशीप्रमाणे वारसाला नोकरी मिळते, तशी त्याला मिळाली. ती नोकरी नसती तर आम्ही उपाशी मेलो असतो, हे खरं. आणि ती नोकरी आमच्या कपाळावर लिहिलेली होती म्हणून शाळेला त्याच्या हाताकडे बघायची गरज पडली नाही, हेही तितकंच खरं. सदाशिव पेठेतलं पोरगं लिहीत नाही म्हटल्यावर घर हलतं, डॉक्टर येतो. आमचं पोरगं लिहीत नाही म्हटल्यावर कुणाला आश्चर्यच वाटत नाही. आश्चर्य न वाटणं, ही सगळ्यात जुनी शिवी आहे.

तर त्या हाताच्या दुखण्याला नाव आहे. डिसग्राफिया. लेखन-अक्षमता. मला ते कळलं तेव्हा माझी चाळिशी उलटली होती.

लिहिणं हे एक काम नाही. एका वेळी चालणारी पाच-सहा कामं आहेत. शब्दाचे आवाज सुटे करायचे, प्रत्येक आवाजाचं चित्र आठवायचं, बोटांनी ते काढायचं, ओळ सांभाळायची, दोन शब्दांत जागा सोडायची, आणि हे सगळं चालू असताना पुढचं वाक्य डोक्यात धरून ठेवायचं. बहुतेक पोरांच्या बोटांना दुसरी-तिसरीपर्यंत वळण पडतं. मग बोटं आपोआप चालतात आणि डोकं विचाराला मोकळं राहतं. काही पोरांचं तसं होत नाही. त्यांना दर अक्षर नव्याने काढावं लागतं. सगळी ताकद 'क' काढण्यात संपते, मग आग्र्याहून सुटका कुठून लिहिणार? यात आळस नाही, बुद्धी कमी नाही, आईबापाचं पाप नाही. मेंदू आणि हात यांच्यातला रस्ता खडबडीत आहे, एवढंच. हे घराण्यात उतरू शकतं. गोळी नाही याला. मदत आहे.

आणि आपली देवनागरी! 'कि' म्हणताना तोंडातून आधी 'क' निघतो, मग 'इ'. लिहिताना वेलांटी आधी काढायची, 'क' नंतर. 'सूर्य' म्हणताना 'र' आधी, 'य' नंतर. लिहिताना तोच 'र' रफार होऊन 'य'च्या डोक्यावर जाऊन बसतो. मात्रा वर, उकार खाली, काना पुढे, वेलांटी मागे. आपल्याला सवय झाली म्हणून कळत नाही. ज्याचा हात अडखळतो त्याला ही लिपी म्हणजे चारही दिशांनी येणारी ट्रॅफिक आहे.

आता 'शुद्धलेखन' हा शब्द बघा. शुद्ध! जगात लोक बरोबर लिहितात नाहीतर चूक लिहितात. आपल्याकडे शुद्ध लिहितात नाहीतर अशुद्ध. सोवळं-ओवळं वहीपर्यंत आणून ठेवलंय. वर भिंतीवर रंगवायचं, सुंदर अक्षर हाच खरा दागिना. ज्यांच्या घरात दागिना म्हणजे गहाण ठेवायची वस्तू, त्यांच्या पोरांना हे रोज वाचायला लावायचं.

इथे थोडं थांबून नीट बोलू, कारण आपल्यातलेच काही पोरगे उठून म्हणतील, हे सगळं भाषेचं राजकारण आहे, डिसग्राफिया-बिसग्राफिया भानगड नाही. तसं नाही, राजा. घरात 'पानी' म्हणतात म्हणून जे पोरगं 'पानी' लिहितं, त्याला काही झालेलं नाही. त्याची बोली त्याच्याबरोबर शाळेत आली आहे. ज्या पोराला मास्तरांनी कधी शिकवलंच नाही, वर्गावर शिक्षक नाही, त्यालाही काही झालेलं नाही. झालंय ते शाळेला. आणि तिसरं पोरगं, ज्याला शिकवलंय, समजलंय, तोंडी सगळं येतंय आणि हाताने उतरत नाही, त्याला डिसग्राफिया असू शकतो. ही तीन वेगळी पोरं आहेत, तिघांना तीन वेगळी मदत लागते. शाळा तिघांना एका पोत्यात कोंबते आणि पोत्यावर एक अक्षर लिहिते, 'ढ'. विद्वान सांगतात की अशोकाच्या शिलालेखांपासून या अक्षराचा आकार बदलला नाही, म्हणून जो पुढे सरकत नाही तो 'ढ'. अशोकापासूनचं आहे म्हटल्यावर ते आमचंच झालं म्हणा!

हे पोतं फक्त इथलं नाही. आपल्या पँथरने १९७२ला ज्यांचं नाव घेतलं ती ब्लॅक पँथर १९६६ला कॅलिफोर्नियात ओकलंडला उभी राहिली. त्याच खाडीच्या पलीकडे सॅन फ्रान्सिस्कोत काळ्या पोरांना बुद्ध्यांकाची चाचणी द्यायची, नापास करायचं आणि मंदबुद्धींच्या वर्गात बसवायचं हा धंदा चालू होता. १९७१ला काळ्या मुलांच्या वतीने खटला झाला, लॅरी पी. विरुद्ध राइल्स. १९७९ला न्यायमूर्ती पेकहॅम यांनी त्या चाचण्या काळ्या पोरांना त्या वर्गांत टाकण्यासाठी वापरायला बंदी घातली. लंडनमध्ये ग्रेनाडाहून आलेल्या बर्नार्ड कोर्ड या शिक्षकाने १९७१लाच एक पुस्तिका काढली. वेस्ट इंडियन पोरगं ब्रिटिश शाळेत कमअक्कल कसं 'बनवलं' जातं, हा विषय. बनवलं जातं, असं म्हणाला तो. जन्मतं असं नाही.

आणि गंमत ऐका. अमेरिकेच्या १९७५च्या कायद्याने अध्ययन-अक्षमतेची व्याख्या केली तिच्यात शेपूट जोडलं की ज्या मुलाची अडचण मुख्यतः आर्थिक किंवा सांस्कृतिक वंचनेतून आली, ते मूल यात मोजायचं नाही. म्हणजे गोऱ्या वस्तीतलं पोरगं लिहीत नाही तर अध्ययन-अक्षम, त्याला खास शिक्षक. काळ्या वस्तीतलं लिहीत नाही तर बिचारं गरीब, सोडा त्याला. आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या व्याख्येत हे शेपूट नाही. डिसग्राफियाचं नाव त्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय. पण मास्तराच्या डोक्यात ते शेपूट आहे. कायद्यात न लिहिता पाळला जाणारा कायदा, याला आपण जात म्हणतो.

महाराष्ट्रात बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती १९९६ पासून आहेत. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुका माफ. देशात पहिलं राज्य म्हणून कौतुकही झालं. माझा भाऊ त्याआधीच बाहेर पडला होता, पण त्याच्यामागून आमच्या वसाहतीतली किती पोरं त्याच वाटेने गेली. एकालाही कुणी सांगितलं नाही. २००७ला 'तारे जमीन पर' आला. आम्हीपण गेलो, आम्हीपण रडलो. ईशान अवस्थीच्या बापाकडे बोर्डिंगची फी भरायला पैसे होते आणि शाळेत आमीर खान होता. थेटरातून बाहेर आलो, डोळे पुसले, आणि दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या पोरांना परत 'ढ' म्हणायला लागलो. ते दुखणं अवस्थींचं असतं, कांबळ्यांचं नसतं, असं आम्हीच धरून चाललो.

मग गेल्या वर्षी भावाची पोरगी चौथीत गेली. दहा वर्षांची. वही बघितली आणि माझ्या पोटात गोळा आला. तीच घसरण, तेच फाटलेले कागद, तीच आवळलेली पेन्सिल, मनगट आत वाकवलेलं. पोरगी तोंडाची फटाकडी, गाणं ऐकलं की पाठ. वहीत शेरा, तोच.

आम्ही तिला पालिकेच्या हॉस्पिटलात न्यायचं ठरवलं तेव्हा भावजय आडवी आली. म्हणाली, "भाऊजी, आधीच एक दाखला गळ्यात आहे. त्याच्यावरून पोरीला ऐकावं लागतं. आता हा दुसरा कशाला बांधता? उद्या लग्नाचं काय?" मी बराच वेळ गप्प बसलो. या बाईला चळवळीचं भाषण काय देणार? तिचं भय खोटं नाही. शाळेत पत्र मागायला गेलो तर ऑफिसातले साहेब हसून म्हणालेच, "तुम्हाला कोटा आहे ना? आता अपंगाचाही घ्या." भावाने ऐकलं, काही बोलला नाही. भावजयने ऐकलं आणि बाहेर येऊन म्हणाली, आता करायचंच.

हॉस्पिटलात काय होतं ते सांगतो, कारण कुणी सांगत नाही. बालरोगतज्ज्ञ बघतात, डोळे-कान तपासतात. मानसतज्ज्ञ बुद्ध्यांकाची चाचणी घेतात. विशेष शिक्षक वाचून-लिहून-गणित करून घेतात. केंद्राच्या २०१८च्या सूचनांत ठरलं होतं, पहिला दाखला वयाच्या आठव्या वर्षी, मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी परत तपासणी. म्हणजे पाच-सहा खेपा. एकेका खेपेला एकेक खाडा. रांगेत आमच्या शेजारी बसलेली पोरं बहुतेक इंग्रजी माध्यमाची होती, पाण्याच्या रंगीत बाटल्यांसकट. त्यांचा राग नाही. त्यांनाही दुखतंच. पण त्यांच्या शाळेतल्या बाईंनी पाठवलं होतं. आमच्या पोरीला मी पाठवलं, तेही माझ्या पापामुळे ओळखता आलं म्हणून.

बुद्ध्यांक ८५च्या वर पाहिजे, अशीही अट त्या सूचनांत होती. ज्या घरात पोट भरत नाही, पुस्तक नाही, पोराशी बोलायला आईबापाला वेळ नाही, तिथलं पोरगं शब्दार्थांच्या प्रश्नांत मागे पडतं आणि ८० वर थांबतं. मग ते दिव्यांग नाही आणि हुशारही नाही. 'स्लो लर्नर' म्हणून मोकळं सोडतात. ना सवलत, ना शिक्षक. लॅरी पी.चा खटला इथे अजून उभा राहायचाय. मराठीत चाचणीच नाही, ही सबब तर आता चालायचीच नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने वाचन-लेखनाच्या अडचणी हुडकायला 'डाली' नावाचा संच केलाय, हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही. तो आमच्या शाळेच्या कपाटात का नाही, हे विचारा.

विचारा म्हणजे खरंच विचारा. विकासकुमार नावाच्या पोराला हाताच्या दुखण्यामुळे लिहिता येत नव्हतं. यूपीएससीने लेखनिक नाकारला, कारण काय, तर ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र नाही. तो सुप्रीम कोर्टात गेला. ११ फेब्रुवारी २०२१ला कोर्टाने सांगितलं, लेखनिक हवा म्हणून ४० टक्के असलेच पाहिजेत असं नाही. पुढच्या वर्षी केंद्र सरकारने विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवलं. प्राथमिकला दिव्यांग दहा मुलांमागे एक, त्याच्यावर पंधरांमागे एक. तुमच्या वॉर्डातल्या पालिका शाळेत किती आहेत, मोजून या. आमच्या इथे एक बाई येतात. चार शाळा सांभाळतात, कंत्राटावर.

आता आपल्याकडे वळतो. चौदा एप्रिलला हस्ताक्षर स्पर्धा ठेवणाऱ्या मंडळांनो, तुमच्याशी बोलतोय. आपल्या आधीच्या पिढीला अक्षर नाकारलं, म्हणून आपल्याला अक्षर देवासारखं झालं. मुक्ता साळवेने १८५५ला चौदा-पंधरा वर्षांची असताना 'ज्ञानोदया'त लिहिलं, त्याचा अभिमान मलाही आहे. पण ती लिहित होती ते मांग-महारांच्या दुःखाबद्दल. तिची वेलांटी कशी होती हे कुणी विचारत नाही. अण्णाभाऊ साठे दीड दिवसाच्या शाळेचे आणि 'फकिरा' लिहून गेले. त्यांना डिसग्राफिया होता असं मी म्हणत नाही, खोटं कशाला सांगू? एवढंच की शाळेची मोजपट्टी त्यांना लावली असती तर तीही दोनच मार्कांवर थांबली असती. आपण शाहिरांची, जलशांची, तोंडी शहाणपणाची औलाद, आणि आपणच पोराला फक्त वहीवरून जोखतो! सहा डिसेंबरला हार नको, वही-पेन आणा म्हणतो, ते बरोबरच आहे. पण ज्याचा हात चालत नाही त्याच्या हातात दहावी वही कोंबून 'शिक' म्हणणं, हे शिक्षण नाही. शिक्षा आहे. बाबासाहेबांच्या फोटोखाली मी तीच देत होतो.

आमच्या अभ्यासिकेत आम्ही वर्षभर काही करून बघतोय. चमत्कार काही झालेला नाही. शंभर वेळा लिही, ही शिक्षा बंद. फळ्यावरचं उतरवणं बंद, छापील कागद देतो. आधी परातीत वाळू घालून बोटाने मोठी अक्षरं, मग चौकटीची वही, जाड पेन्सिल. एका बैठकीला चार ओळी, मग हात मोकळा. धडा तोंडी सांगायचा, दुसऱ्या पोराने उतरवायचा. मोबाईल मराठीत बोललेलं टाईप करतो, मग त्या यंत्राला कामाला लावलं. दोन पोरांना यातलं काहीच लागू पडलं नाही. त्यांना विशेष शिक्षकच पाहिजे, आमच्या उत्साहाने भागत नाही. पुतणी अजून पानभर लिहीत नाही. पण पेन्सिल मोडायची थांबली आहे.

तिच्या शेवटच्या खेपेला हॉस्पिटलातल्या बाईंनी विचारलं होतं, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का? भाऊ बोलेना. मग मीच सांगितलं, फूटपट्टीसकट. बाईंनी लिहून घेतलं. बाहेर पडल्यावर त्याने एवढंच विचारलं, "दादा, माझीपण होईल का रे ही टेस्ट, आता?"

येत्या सोमवारी सकाळी अकराला आम्ही वॉर्ड ऑफिसवर जाणार आहोत. दर शाळेला विशेष शिक्षक, मराठीतून चाचणी, तपासणी वस्तीतच, खाड्याची भरपाई, आणि अक्षरावरून मारणाऱ्यावर कारवाई. साहेब म्हणतील, लेखी निवेदन द्या. देणार नाही. पोरं तोंडी बोलतील, साहेबांनी लिहून घ्यावं. ज्यांना यायचं असेल त्यांनी रविवारी संध्याकाळी अभ्यासिकेत येऊन नाव सांगावं. लिहून द्यायची गरज नाही.